बेसाल्टची चुंबकीय स्मृती आणि एकट्या अणूचे चुंबकत्व : दख्खनच्या पठारावरून पाहिलेला एक वैज्ञानिक इतिहास

प्रस्तावना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या दरम्यान खुटबाव हे लहानसे स्थानक लागते. दोन्ही अंगांना उसाची शेते, काळी जमीन आणि जागोजाग विहिरी असे या परिसराचे रूप आहे. विहीर खोदताना प्रथम माती, नंतर मुरूम आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागतो, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडून थिजलेला लाव्हा होय. महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापून शेजारच्या प्रदेशांत पसरलेले हे थर आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर शिल्लक आहेत. या पाषाणाच्या अंगी डोळ्यांना न दिसणारा एक गुण आहे. तो थंड होत असताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा होती, ती त्याने आजतागायत धरून ठेवली आहे.

२०१६ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी ग्रॅफीन या एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनपटलावर डिस्प्रोसियम या मूलद्रव्याचे सुटे सुटे अणू बसविले आणि त्यांपैकी प्रत्येक अणू स्वतंत्र चुंबकासारखा वागतो, असे दाखवून दिले. निरपेक्ष शून्यापासून अवघ्या २.५ केल्व्हिन अंतरावरील थंडीत या अणूंनी आपली चुंबकीय दिशा सुमारे १००० सेकंद टिकवली. एकीकडे कोट्यवधी वर्षे, तर दुसरीकडे पंधरा-सतरा मिनिटे. वरकरणी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : चुंबकाने एकदा धारण केलेली दिशा किती काळ टिकते, आणि का टिकते?

या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः संगणकाच्या स्मृतिसाधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमेरिका आणि युरोपातील औद्योगिक प्रयोगशाळा, लहान होत गेलेले चुंबकीय कण आणि अखेरीस एकच अणू, असा त्याचा सरळ प्रवास दाखविला जातो. हे कथन अपुरे आहे. चुंबकीय स्थिरतेचे मूलभूत सूत्र भाजलेल्या मातीच्या आणि ज्वालामुखीजन्य खडकांच्या अभ्यासातून आले. त्या सूत्राची एक मोठी कसोटी दख्खनच्या पाषाणावर लागली आणि त्या कामाचा महत्त्वाचा भाग मुंबईत झाला. हा विसरलेला धागा जुळवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुलाबा ते अलिबाग : मापनाची परंपरा

पश्चिम भारतातील चुंबकीय निरीक्षणांचा आरंभ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाला. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खगोलीय वेध आणि कालमापन यांसाठी ही वेधशाळा उभारली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ पासून तेथे चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे गणितज्ञ म्हणून ख्याती पावलेले केरूनाना, ऐन तारुण्यात याच वेधशाळेत निरीक्षणाचे काम करीत होते. लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या शास्त्रीय शिस्तीची घडण या वेधशाळेच्या वातावरणात झाली, हे सहसा ध्यानी घेतले जात नाही.

वेधशाळेच्या कामातच स्थिरतेचा प्रश्न दडलेला होता. पृथ्वीचे क्षेत्र मोजायचे तर हाताशी एक चुंबकपट्टी हवी. पण पट्टीचे स्वतःचे बळ काळानुसार आणि तापमानानुसार घटत असेल, तर बदल पृथ्वीत झाला की पट्टीत, हे ठरवायचे कसे? जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८३२ मध्ये यावर उपाय सुचविला. पट्टी टांगून तिच्या आंदोलनाचा काळ मोजला की पट्टीचे बळ आणि पृथ्वीचे क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. त्याच पट्टीने दुसरी सुई किती विचलित होते हे पाहिले की त्यांचा भागाकार मिळतो. दोन्ही हाती आले की पट्टीच्या बळाविषयी काहीही गृहीत न धरता क्षेत्राचे मूल्य काढता येते. चुंबकाच्या स्मृतीवर विश्वास न ठेवता चुंबकाकडून खरे वदवून घेण्याची ही रीत होती.

१८९६ मध्ये नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईतील ट्राम विजेवर चालविण्याचा बेत ठरताच त्या प्रवाहामुळे नोंदी दूषित होतील हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली. तिच्या बांधकामासाठी स्थानिक काळा दगड न वापरता पोरबंदरचा अचुंबकीय दगड मुद्दाम आणण्यात आला. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०४ ते १९०६ या काळात मुंबई व अलिबाग येथे समांतर निरीक्षणे चालू ठेवली गेली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. १९७१ मध्ये या परंपरेतूनच भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था म्हणून उभी राहिली.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. वेधशाळेच्या दृष्टीने दख्खनचा काळा दगड हा अडथळा होता. त्याचे चुंबकत्व निरीक्षणात ढवळाढवळ करते म्हणून तो वर्ज्य ठरला. अर्धशतकाच्या आत हाच वर्ज्य दगड अभ्यासाचा मुख्य विषय व्हावयाचा होता.

नील यांचे सूत्र

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९ मध्ये सूक्ष्म चुंबकीय कणांच्या वर्तनावर एक निबंध प्रसिद्ध केला. निबंधाचा एक उद्देश भाजलेल्या मातीच्या वस्तूंमधील चुंबकत्वाचा उलगडा करणे हा होता. नील यांची विचारसरणी अशी : अतिसूक्ष्म कणातील सर्व अणुचुंबक एकाच दिशेने उभे असतात. कणाच्या रचनेमुळे त्यांना एखादा अक्ष विशेष अनुकूल असतो. त्या अक्षावर ते एका बाजूस तोंड करून राहतील किंवा नेमक्या विरुद्ध बाजूस. या दोन अवस्थांमध्ये ऊर्जेचा एक बांध असतो. तापमानामुळे होणारी अणूंची चुळबुळ सतत या बांधावर धडका देत असते आणि केव्हातरी चुंबकत्व बांध ओलांडून उलटते. हे उलटणे सरासरीने किती काळाने घडेल, ते बांधाची उंची आणि औष्णिक ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आणि हे अवलंबन घातांकी स्वरूपाचे आहे.

‘घातांकी’ या शब्दातच सर्व मर्म आहे. धडकांमधील काळ सेकंदाचा अब्जावा भाग धरला, तर बांधाची उंची औष्णिक ऊर्जेच्या २५ पट असलेला कण आपली दिशा मिनिटभरापेक्षा थोडा अधिक काळ टिकवील. हेच गुणोत्तर ५६ झाले तर टिकण्याचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षे होतो. गुणोत्तर दुपटीहून थोडेसेच वाढले. परंतु काळ मिनिटावरून थेट दख्खनच्या लाव्ह्याच्या वयापर्यंत गेला. बांधाची उंची कणाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एवढ्या फरकासाठी कणाचा व्यास केवळ तीस टक्क्यांच्या आसपास मोठा असावा लागतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, स्थिरता हा पदार्थाचा निरपेक्ष गुण नव्हे. ‘हा चुंबक स्थिर आहे काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती तापमानाला आणि किती काळ?’ असे विचारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. दुसरी म्हणजे, लाव्हा थंड होताना नेमके काय घडते, याचे उत्तर मिळते. बाहेर पडताना लाव्ह्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसहून अधिक असते. मॅग्नेटाइट या खनिजात सुमारे ५८० अंशांखाली चुंबकत्व अवतरते, पण तेव्हा बांध इतका तोकडा असतो की दिशा क्षणोक्षणी बदलते. तापमान आणखी उतरताच थोड्याच अंशांच्या अंतरात टिकण्याचा काळ सेकंदांवरून युगांवर जातो आणि त्या घडीची पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा खडकात कायमची गोठते.

दख्खनचा पाषाण आणि खंडवहनाचा वाद

खंडे सरकतात हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेले मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य भूवैज्ञानिकांना मान्य नव्हते. पुराचुंबकत्वाने या वादात नवा पुरावा आणला, आणि त्या पुराव्याच्या दृष्टीने भारत ही आदर्श भूमी होती. भारत खरोखरच दक्षिणेकडून उत्तरेस आला असेल, तर त्याच्या जुन्या खडकांत गोठलेली दिशा आजच्या दिशेहून अगदी वेगळी असली पाहिजे.

केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्विंग यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रोत्साहनाने, दख्खनच्या काही नमुन्यांची तपासणी केली. नमुन्यांतील दिशा भारताच्या उत्तरेकडील प्रवासाशी जुळणारी होती. तरीही त्यांचा प्रबंध १९५४ मध्ये पदवीस पात्र ठरला नाही, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक बोधप्रद घटना आहे. दरम्यान नोबेल पारितोषिकाचे मानकरी पी. एम. एस. ब्लॅकेट यांनी अत्यंत क्षीण चुंबकत्व मोजणारे उपकरण सिद्ध केले होते. त्यांचे भारताशी निकटचे संबंध होते. त्यांच्या वर्तुळातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतीय खडकांच्या चुंबकत्वावरील निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ई. आर. डॉइच यांच्यासमवेत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या लाव्हाथरांचा अधिक विस्तृत अभ्यास १९५८-५९ मध्ये प्रकाशात आणला.

या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. ज्या थरांतील चुंबकत्वाची दिशा उत्तरेकडे आहे, त्यांत ती क्षितिजाच्या वर झुकलेली आढळते. आज पुण्यात सुई उत्तरेकडे तोंड करून खाली झुकते. सुई वर झुकणे ही दक्षिण गोलार्धाची खूण होय. झुकाव आणि अक्षांश यांचे साधे भूमितीय नाते आहे : अक्षांशाची स्पर्शज्या दुप्पट केली की झुकावाची स्पर्शज्या मिळते. त्यानुसार दख्खनच्या थरांतील सुमारे ४९ अंशांचा झुकाव ३० अंशांच्या आसपासचे दक्षिण अक्षांश दर्शवितो. आज पुणे-दौंडचा प्रदेश सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे हा भूभाग सुमारे ५ हजार किलोमीटर उत्तरेस सरकला असला पाहिजे. ६.६ कोटी वर्षांनी भागले असता सरासरी वेग वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास येतो.

परंतु हे सर्व अनुमान एका गृहीतकावर उभे होते : दगडाने दिशा खरोखरच विश्वासूपणे जपली आहे. याच ठिकाणी स्थिरतेचा प्रश्न केवळ तांत्रिक न राहता निर्णायक झाला. दख्खनचे पुष्कळ थर उलट दिशेने चुंबकित आढळले. पृथ्वीचे क्षेत्रच त्या काळी उलटलेले होते, की खडकाने आपल्या आपण दिशा उलटवली? नील यांनी स्वयं-उलटीची शक्यता १९५१ मध्ये तत्त्वतः दाखविली होती आणि जपानी शास्त्रज्ञ नागाता यांना हारुना पर्वताच्या खडकात तिचे प्रत्यक्ष उदाहरण मिळाले होते. त्यामुळे ही शंका निराधार नव्हती.

उत्तर थरांच्या क्रमातून मिळाले. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये खालचे थर उलट आणि वरचे थर सुलट असा क्रम परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी आढळला. स्वयं-उलटी हा खनिजाचा अंगभूत गुण असता, तर उलट-सुलट थर खनिजांप्रमाणे विखुरलेले दिसले असते. उंचीप्रमाणे त्यांची मांडणी झाली नसती. शिवाय १९५०च्या दशकाच्या अखेरीस नमुन्यांचे चुंबकीय ‘शुद्धीकरण’ करण्याच्या रीती रूढ झाल्या. प्रत्यावर्ती क्षेत्राने किंवा टप्प्याटप्प्याने तापवून दुर्बळ, पुढे चिकटलेले चुंबकत्व काढून टाकले की मूळची सबळ दिशा उरते. विजेच्या आघाताने उघड्या खडकांत निर्माण झालेले चुंबकत्वही यामुळे वेगळे करता येऊ लागले.

पुढे १९८६ मध्ये कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उलट-सुलट क्रमाच्या आधारे दख्खनचा बहुतांश लाव्हा भूवैज्ञानिकदृष्ट्या अल्प काळात, क्रिटेशस युगाच्या अंती बाहेर पडला असावा, असे प्रतिपादन केले. डायनोसॉरांच्या विनाशात दख्खनच्या ज्वालामुखीचा वाटा किती, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

मुंबईतील प्रयोगशाळा : कणाकडे वळलेली दृष्टी

खंडवहनाच्या यशामुळे मुंबईच्या गटाचे दुसरे कार्य झाकोळले गेले. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. काही लाव्हाथर दिशा चांगली जपतात आणि काही जपत नाहीत, असे का? उत्तर शोधण्यासाठी थरांकडून कणांकडे वळणे भाग होते.

१९६५ मध्ये एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी खडक व खनिजे यांचे चुंबकीय शैथिल्यवक्र रेखाटणाऱ्या, प्रत्यावर्ती प्रवाहाच्या विद्युत्‌चुंबकावर आधारलेल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. क्षेत्र वाढवीत व घटवीत नेले असता पदार्थाचे चुंबकत्व ज्या मार्गाने जाते, त्याच मार्गाने परतत नाही. या दोन मार्गांमधील वेढा म्हणजे शैथिल्यवक्र. वेढा उघडा असेल तर पदार्थाला स्मृती आहे. तो मिटलेला असेल तर नाही. पुढील काळात राधाकृष्णमूर्ती आणि लिखिते यांनी तापमानानुसार बेसाल्टचे चुंबकीय वर्तन कसे बदलते, याचा पाठपुरावा केला.

या अभ्यासातून बेसाल्टमधील कणांचे प्रकार वेगळे करता आले. काही कण इतके मोठे असतात की त्यांच्या आत अनेक चुंबकीय प्रभाग पडतात आणि प्रभागांच्या सीमा सहज सरकत असल्याने त्यांची स्मृती दुबळी राहते. काही कण नेमके एका प्रभागाचे असतात. खडकाची खरी स्मृती यांच्यापाशी असते. तिसरे कण इतके लहान असतात की नेहमीच्या तापमानाला त्यांची दिशा क्षणभरही टिकत नाही. मात्र नमुना द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत नेला की या तिसऱ्या प्रकारच्या कणांचा मिटलेला वेढा उघडू लागतो. औष्णिक चुळबुळ मंदावल्याने बांध पुरेसा उंच ठरतो, हे नील यांच्या सूत्राचे प्रत्यक्ष दर्शन होय. पदार्थ लहान करीत गेल्यास स्मृती कोठे संपते आणि थंडीने ती कोठे परत येते, हा प्रश्न दख्खनच्या दगडावर विचारला गेला होता.

एकट्या अणूकडे

हाच प्रश्न अखेरच्या टोकापर्यंत नेला तर एक अणू उरतो. १९८१ मध्ये झुरिक येथे क्रमवीक्षण बोगदा सूक्ष्मदर्शकाचा शोध लागला आणि पृष्ठभागावरील एकेक अणू पाहणे शक्य झाले. १९९० मध्ये अणू हवे तेथे मांडताही येऊ लागले. २००३ मध्ये प्लॅटिनमवरील कोबाल्टच्या सुट्या अणूंमध्ये चुंबकीय अक्षाची पसंती विलक्षण तीव्र, म्हणजे दर अणूमागे सुमारे ९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, असल्याचे आढळले. तरीही हे अणू दिशा टिकवीत नव्हते. बांध होता, पण धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांशी अणूची अखंड देवाणघेवाण चालू असल्याने स्मृती पुसली जात होती.

शिवाय एकट्या अणूच्या बाबतीत नील यांचे चित्र पुरे पडत नाही. पुंजयामिकीच्या नियमांनुसार बांध न ओलांडताच, जणू बोगद्यातून, दुसऱ्या अवस्थेत जाता येते. तापमान कितीही उतरवले तरी ही वाट बंद होत नाही. ती बंद होते ती सममितीने : अणूभोवतालच्या शेजाऱ्यांची मांडणी योग्य असेल तर दोन विरुद्ध अवस्थांचे मिश्रण निषिद्ध ठरते. म्हणून अणू कोणता, यापेक्षाही तो कशावर आणि कोठे बसला आहे, याला महत्त्व आले.

२०१६ मध्ये लोझानच्या गटाने दोन महत्त्वाचे परिणाम जाहीर केले. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरावरील होल्मियमच्या अणूंनी ३० केल्व्हिनपर्यंत अवशिष्ट चुंबकत्व दाखविले. १० केल्व्हिनला त्यांची दिशा सुमारे १५०० सेकंद टिकली. दुसरा परिणाम प्रारंभी उल्लेखिलेल्या ग्रॅफीनवरील डिस्प्रोसियमचा. ग्रॅफीन इरिडियमवर वाढविले असता दोन्ही जाळ्यांच्या विसंगतीतून सुमारे २.५ नॅनोमीटर अंतराची नक्षी उमटते आणि अणू त्या नक्षीनुसार रांगेने बसतात. ग्रॅफीन येथे तीन कामे करते : खालच्या धातूच्या इलेक्ट्रॉनांपासून अणूला दूर ठेवते, स्वतः ताठ असल्याने कंपनांचा उपद्रव कमी करते आणि आपल्या षट्‌कोनी सममितीने बोगद्याची वाट रोखते. याशिवाय विरलमृदा मूलद्रव्यांत चुंबकत्वास कारणीभूत असणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या भागात असल्याने ते मुळातच सुरक्षित असतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या आल्मादेन प्रयोगशाळेत होल्मियमच्या अणूवर माहितीचा एक अंश लिहून तो पुन्हा वाचण्यात यश आले.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. नील यांच्याच हिशेबाने, खोलीच्या तापमानाला दिशा दहा वर्षे टिकवायची तर बांध सुमारे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट हवा. कोबाल्टच्या अणूचे मूल्य त्याच्या शतांशाच्या आसपास होते. दगडातील कण हजारो अणूंचे सामूहिक बळ वापरून हा बांध सहज उभारतो. एकट्या अणूला तो केवळ शेजाऱ्यांच्या मांडणीतून मिळवावा लागतो.

समारोप

वरील विवेचनातून कुलाब्याची चुंबकपट्टी, दख्खनचा लाव्हा आणि ग्रॅफीनवरचा अणू हे एकाच प्रश्नाचे तीन टप्पे असल्याचे दिसते. पहिल्या टप्प्यात चुंबकाची स्मृती अविश्वसनीय म्हणून तिला हिशेबातून वगळले गेले. दुसऱ्या टप्प्यात तीच स्मृती साक्ष म्हणून तपासली गेली आणि तिच्या आधारे भारताच्या प्रवासाचा निर्णय झाला. तिसऱ्या टप्प्यात ती हेतुतः घडविली जात आहे. प्रत्येक टप्प्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी विश्वासाची कसोटी ठरवावी लागली.

या इतिहासाचा आपल्या अध्यापनाशीही संबंध आहे. आपल्या महाविद्यालयांत भूगोलाचे अध्यापक खंडवहन शिकवितात, भूशास्त्राचे अध्यापक दख्खन ट्रॅप शिकवितात आणि भौतिकशास्त्राचे अध्यापक रोहित्राच्या लोखंडी गाभ्याचे उदाहरण देऊन शैथिल्यवक्र शिकवितात. तिन्ही वर्ग एकाच इमारतीत भरतात. पण आपण एकाच सूत्राच्या तीन बाजू सांगत आहोत, याची जाणीव विद्यार्थ्याला होत नाही. त्याच्या वहीत वेगेनर, ब्लॅकेट आणि नील यांची नावे कदाचित येतात. सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती व लिखिते यांची येत नाहीत. यात केवळ श्रेयाचा प्रश्न नाही. मूलभूत विज्ञान दूरच्या प्रगत प्रयोगशाळांतच घडते आणि आपल्याकडे फक्त त्याचे वर्णन पोहोचते, ही समजूत अशा विस्मरणातूनच दृढ होते. वस्तुस्थिती अशी की, या विज्ञानाची एक मोठी कसोटी याच पठारावर लागली.

खुटबावच्या विहिरीतून निघालेला काळा दगड बांधावर पडून राहतो किंवा खडी होऊन रस्त्यात जातो. एकदा जागचा हलला की त्याची दिशा कोणत्या संदर्भात वाचायची, हे सांगता येत नाही. त्याच्यातील चुंबकत्व शाबूत राहते, पण साक्ष संपते. विहिरीच्या कडेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला अजून मूळ जागी असलेला खडक दाखवून त्यात काय गोठलेले आहे, हे सांगता आले, तर एकट्या अणूच्या चुंबकत्वापर्यंतचा मार्ग त्याला परका वाटणार नाही.